कुठल्याही यंत्रापुढे बसा: एमआयटीच्या अथेना प्रकल्पाची ओळख

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, या संस्थेत १९८०च्या सुमारास संगणकांची वानवा मुळीच नव्हती. एकाच यंत्रावर एका वेळी अनेकांनी काम करायचं, ही टाइमशेअरिंगची पद्धत इथेच १९६१ साली सीटीएसएस या प्रणालीने करून दाखवली होती. पुढे आलेली मल्टिक्सही इथलीच. पण ही यंत्रं होती संशोधनाची, प्रयोगशाळांची. स्थापत्य, रसायन किंवा इतिहास शिकायला आलेल्या पदवीच्या मुलाला संगणकाचा वेळ मिळायचा तो मापून आणि तुटपुंजा. १९६९ साली विद्यार्थ्यांनी एसआयपीबी नावाचं मंडळ काढलं, ते असा वेळ मुलांमध्ये वाटून देण्यासाठीच. जगातल्या नामांकित तंत्रसंस्थेत मुलांना संगणकासाठी स्वतःचं वाटपमंडळ चालवावं लागत होतं.

हे चित्र पालटायचं ठरवलं अभियांत्रिकीचे अधिष्ठाता जेराल्ड विल्सन, विद्युत अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्र विभागाचे प्रमुख जोएल मोझेस आणि संगणकशास्त्र प्रयोगशाळेचे संचालक मायकेल डर्टूझोस यांनी. मे १९८३मध्ये प्रकल्प जाहीर झाला, नाव ठेवलं अथेना. मुदत पाच वर्षांची. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डेक, आणि आयबीएम या दोन कंपन्यांनी मिळून सुमारे ५ कोटी डॉलरची यंत्रं, देखभाल आणि माणसं द्यायची. अभ्यासक्रमासाठी लागणारी सॉफ्टवेअर प्राध्यापकांनी लिहावीत म्हणून एमआयटीने स्वतः २ कोटी डॉलर उभे करायचे. संचालकपदी आले स्टीव्हन लर्मन. ते स्थापत्य अभियांत्रिकीचे प्राध्यापक, आणि ही निवड मला फार बोलकी वाटते. प्रकल्प संगणकवाल्यांसाठी नव्हता, शिकवणाऱ्यांसाठी होता, हे त्या एका नेमणुकीतून साऱ्या संस्थेला कळलं.

पहिली मेख पैशांतच होती. डेकची मदत अभियांत्रिकी शाखेसाठी, आयबीएमची बाकीच्या शाखांसाठी, अशी वाटणी झाली होती. ती तशीच राहिली असती तर एका आवारात दोन संस्थानं उभी राहिली असती. एकीकडे शिकलेलं दुसरीकडे चाललं नसतं, एका बाजूला लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या बाजूला उघडला नसता. देणगीत आलेल्या यंत्रांबरोबर देणाऱ्याच्या सवयीही येतात आणि दहा वर्षांनी संस्था त्या सवयींची बांधील होऊन बसते. अथेनाच्या चालकांनी हे आधीच ओळखलं आणि एक नियम घालून घेतला. यंत्र कोणत्याही कंपनीचं असो, विद्यार्थ्याला पडद्यावर तेच दिसलं पाहिजे, तेच प्रोग्रॅम चालले पाहिजेत. प्रकल्पातले लोक याला सुसंगती म्हणत, आणि पुढची सगळी तांत्रिक कामगिरी या एका प्रशासकीय निर्णयाच्या पोटातून आली. पायाला बर्कलेची युनिक्स ही कार्यप्रणाली घेतली. दोन्ही कंपन्यांचे अभियंते एकाच छपराखाली, एकाच कामावर बसवले. बाजारात एकमेकांशी झुंजणाऱ्या कंपन्यांच्या माणसांनी तिथे एकमेकांचा कोड दुरुस्त केला.

सुरुवातीला आली डेकची व्हॅक्स ११/७५० यंत्रं, जुन्याच टाइमशेअरिंगच्या थाटात. ती लवकरच गर्दीने दमली. पण ती मुळात तात्पुरतीच होती. खरा आराखडा होता प्रत्येकासमोर स्वतंत्र वर्कस्टेशन आणि आवारभर पसरलेलं जाळं, असा. १९८८ साली अथेनाच्या मंडळींनी युनिक्समध्ये केलेल्या बदलांवर जो शोधनिबंध वाचला, त्याच्या शीर्षकातच हजार वर्कस्टेशनचा उल्लेख आहे. आज हजार यंत्रं एखाद्या मध्यम महाविद्यालयातही असतील. तेव्हा मात्र एवढी यंत्रं एकाच शिस्तीत चालवायची कशी, याचं उत्तर तयार मिळत नव्हतं.

शिस्तीचा गाभा असा. कोणत्याही विद्यार्थ्याने आवारातल्या कोणत्याही वर्कस्टेशनपुढे बसावं, नाव आणि पासवर्ड द्यावा, की त्याच्या फाइली, त्याची मांडणी, त्याची टपालपेटी समोर हजर. तो उठला की यंत्र पुन्हा कोरं, पुढच्यासाठी मोकळं. म्हणजे यंत्राजवळ स्वतःचं असं काही उरू द्यायचं नाही. विद्यार्थ्याचं सगळं सर्व्हरवर. यंत्र बिघडलं तर दुरुस्त करत बसायचं नाही, नव्याने भरून टाकायचं. थोड्या कर्मचाऱ्यांत एवढा पसारा सांभाळता यावा, म्हणून ही रचना होती.

मग सुरक्षेचं काय? सार्वजनिक वर्कस्टेशनवर सर्वाधिकार देणारा पासवर्ड लपवून ठेवण्यात अर्थ नव्हता. उघड्या खोलीतलं यंत्र, समोर एमआयटीचे विद्यार्थी. त्यांनी तो काढलाच असता. तेव्हा तो सगळ्यांना ठाऊक आहे असं धरूनच रचना केली गेली, आणि तो खरोखरच सगळ्यांना ठाऊक होता. अथेनाचा हा निर्णय मला सर्वांत धाडसी वाटतो. मुलांवर पहारा बसवण्याऐवजी त्यांनी जाळ्याची रचनाच अशी करायची ठरवली, की समोरच्या यंत्रावर विश्वास टाकण्याची गरजच पडू नये.

त्यातून जन्माला आलं कर्बेरॉस. ग्रीक पुराणात पाताळाच्या दारावर बसणाऱ्या तीन डोक्यांच्या कुत्र्याचं हे नाव. स्टीव्ह मिलर आणि क्लिफर्ड न्यूमन हे त्याचे मुख्य रचनाकार. पाया होता नीडहॅम आणि श्रोडर यांनी १९७८ साली मांडलेल्या पद्धतीचा. विद्यार्थी पासवर्ड टाइप करतो, पण तो तारेवरून कुठेही जात नाही. ओळख पटवणारा मध्यवर्ती सर्व्हर एक सीलबंद संदेश पाठवतो, आणि तो त्याच पासवर्डपासून बनलेल्या किल्लीनेच उघडतो. आत असतं ठरावीक मुदतीचं तिकीट. ते दाखवून फाइलींसाठी, छपाईसाठी, टपालासाठी वेगवेगळी तिकिटं घ्यायची. मुदत संपली की तिकीट रद्दी. मधल्या कुणी चोरून ऐकलं तरी त्याच्या हाती पासवर्ड लागत नाही.

ही रचना समजावून सांगण्यासाठी बिल ब्रायंट यांनी १९८८ साली चार प्रवेशांचं एक संवादनाट्य लिहिलं. त्यात अथेना आणि युरिपिडीज ही दोन पात्रं आहेत. अथेना एकेक योजना मांडते, युरिपिडीज तिच्यातली भोकं दाखवतो, ती दुरुस्त करून परत येते, तो पुन्हा नवं भोक दाखवतो. शेवटी कर्बेरॉस उभं राहतं. तांत्रिक दस्तऐवज कसा लिहावा याचा तो नमुना आहे. निर्णय काय झाला एवढंच न सांगता, आधीचे निर्णय का टाकले हेही तो सांगतो. विद्यापीठांच्या कागदपत्रांत नेमकं हेच सापडत नाही. ठराव सापडतो, त्याआधी नाकारलेले पर्याय सापडत नाहीत, आणि पाच वर्षांनी नवा अधिकारी तोच टाकलेला पर्याय नवा म्हणून घेऊन येतो.

बाकीची नावंही ग्रीकच. हेसिअड हा पत्ते सांगणारा: अमुक विद्यार्थ्याच्या फाइली कुठल्या सर्व्हरवर, जवळचा प्रिंटर कोणता. झेफिर म्हणजे पश्चिमेचा वारा, तो पडद्यावर झटपट निरोप पोचवणारा. चॅटची सवय या मुलांना ऐंशीच्या दशकातच लागली. अडलेल्या विद्यार्थ्याने प्रश्न टाकायचा आणि सल्लागाराने जाळ्यावरूनच उत्तर द्यायचं, अशी ओएलसी नावाची सोयही होती. पण प्रशासनाच्या दृष्टीने यांतली राणी म्हणजे मोइरा, नियतीदेवतेच्या नावाची. कोणाचं खातं आहे, कोणाला किती जागा, कोणत्या गटात कोण, कोणता सर्व्हर काय करतो, हे सगळं एका मध्यवर्ती डेटाबेसमध्ये, आणि तिथून ठरावीक वेळाने सगळ्या सर्व्हरना ताज्या याद्या आपोआप. दर ठिकाणी हाताने यादी बदलणं संपलं. प्रवेश घेतलेल्या मुलाचं खातं उघडणं आणि पदवी घेऊन गेलेल्याचं बंद करणं, हे कंटाळवाणं काम एका जागी आलं. मोइराची कुणी वाहवा करत नाही. पण अशा यादीवाचून मोठ्या विद्यापीठाची सेवा फार काळ नीट चालत नाही, याची मला खात्री आहे.

जगाने अथेनाला अधिक ओळखलं ते एक्स विंडो या पडद्यावर खिडक्या उमटवणाऱ्या प्रणालीमुळे. संगणकशास्त्र प्रयोगशाळेतले रॉबर्ट शायफ्लर आणि अथेनात काम करणारे डेकचे जिम गेटिस यांनी ती १९८४मध्ये सुरू केली. गरज तीच, सुसंगतीची: प्रोग्रॅम एका यंत्रावर चालावा, त्याच्या खिडक्या दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर उमटाव्यात. १९८७च्या सप्टेंबरात अकरावी आवृत्ती आली आणि पुढची कित्येक वर्षं युनिक्स आणि लिनक्सचे पडदे तिच्यावर चालले. एमआयटीने हे काम कुलूपबंद न करता अगदी सैल अटींवर खुलं केलं.

एवढं काम केलं कुणी? पगारी कर्मचारी होतेच, पण विद्यार्थीही मोठ्या संख्येने होते. प्रणालीचा कोड लिहिणाऱ्या आणि राखणाऱ्या मुलांना तिथे घड्याळजी म्हणत. २ नोव्हेंबर १९८८च्या रात्री इंटरनेटवर मॉरिस वर्म हा आपोआप पसरणारा उपद्रवी प्रोग्रॅम पसरला, तेव्हा त्याचा कोड उलगडून तो काय करतो हे शोधणाऱ्यांत अथेनातले मार्क आयकिन आणि एमआयटीतलेच जॉन रॉक्लिस होते. ज्यांच्यासाठी सेवा आहे त्यांनाच ती घडवायला बसवणं ही अथेनाची नीती होती, आणि तिचं फळ अशा रात्री दिसलं.

वर्गातली गोष्ट मात्र इतकी सरळ नव्हती. प्राध्यापकांनी प्रस्ताव द्यायचे, समित्यांनी ते तपासून पैसा द्यायचा, अशी पद्धत होती. शंभराहून अधिक प्रकल्पांना असा हातभार लागला. स्थापत्यात ग्रोलटायगर नावाचा प्रोग्रॅम आला. तुळई बदला, भार बदला, सांगाडा कसा वाकतो ते लगेच पाहा. भाषाविभागात फ्रेंच शिकण्यासाठी व्हिडिओवर आधारलेली कथा तयार झाली. पण समाजशास्त्रज्ञ शेरी टर्कल यांनी त्या वर्षांत विभागाविभागांत फिरून जे टिपलं, ते पुढे त्यांच्या पुस्तकात आलं, त्यात प्राध्यापकांची दुफळी स्पष्ट दिसते. पडद्यावरचं उत्तर मिळालं की मूल आतली गणितं विसरेल, मोजमापाचा हात जाईल, ही भीती अनेकांना होती, आणि ती निराधार नव्हती. शिवाय चांगलं शैक्षणिक सॉफ्टवेअर लिहायला एवढा वेळ लागतो, की संशोधन सांभाळून ते करणाऱ्या प्राध्यापकाला बढतीत त्याचं श्रेय मिळेल याची शाश्वती नव्हती. परिणामी मुलांनी अथेनाचा सर्वाधिक वापर केला तो लेखनासाठी आणि ईमेलसाठी. ज्या कामासाठी पैसा मागितला ते काम मागे पडलं, आणि नुसतं पायाभूत म्हणून बांधलेलं पुढे गेलं. याला अपयश म्हणायला माझं मन तयार नाही. पण प्राध्यापकाच्या वेळाचा हिशेब यंत्रांच्या हिशेबाइतक्याच बारकाईने व्हायला हवा होता.

विद्यापीठाने माहिती तंत्रज्ञानाचं नियोजन कसं करायचं, हा विषय आपल्याकडे कायद्यातच आलेला आहे. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने विद्यापीठाच्या प्राधिकरणांमध्ये माहिती तंत्रज्ञान मंडळाला स्थान दिलं. हा कायदा १ मार्च २०१७ला लागू झाला. त्याच उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका एकदम पडद्यावर तपासायला घेतल्या. कायद्याची निकालाची मर्यादा ४५ दिवसांची. कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली, परदेशी प्रवेश घेतलेली मुलं गुणपत्रिकेसाठी हेलपाटे घालत राहिली, आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. उत्तरपत्रिका स्कॅन करून तपासण्यात वाईट काहीच नाही. पण एका सत्रात सगळ्या शाखा, प्राध्यापकांची तयारी पुरी होण्याआधी, हा निर्णय तंत्रज्ञानाचा नव्हता, नियोजनाचा होता. अथेनाने व्हॅक्सची तात्पुरती पायरी आधीच आराखड्यात धरली होती, ती अशाच घाईतून वाचण्यासाठी.

अथेनाची पाच वर्षांची मुदत पुढे तीन वर्षांनी वाढवली. १९८८पासून विमानविद्येचे प्राध्यापक अर्ल मर्मन संचालक झाले. त्यांच्या काळातला प्रश्न सर्वांत अवघड होता: देणगी संपल्यावर काय? फुकट मिळालेलं यंत्रही चार-पाच वर्षांत म्हातारं होतं, त्याच्या जागी नवं विकत घ्यावं लागतं, आणि माणसांचे पगार दर महिन्याला येतात. ३० जून १९९१ला प्रकल्प संपला. एमआयटीने अथेना आपल्या कायमच्या माहिती प्रणाली विभागाकडे दिली आणि तिचा खर्च संस्थेच्या नेहमीच्या अंदाजपत्रकातून होऊ लागला. कित्येक संस्थांतले असे प्रकल्प ज्या ठिकाणी मरतात, तिथून अथेना तरली ती या हिशेबामुळे.

कर्बेरॉसची पाचवी आवृत्ती १९९३मध्ये प्रस्तावित इंटरनेट मानक म्हणून नोंदली गेली, आणि विंडोज २०००पासून मायक्रोसॉफ्टने तीच पद्धत घेतली. पुण्या-मुंबईच्या कचेरीत सकाळी डोमेनवर लॉगिन करणारा माणूस तिकीट घेऊनच कामाला लागतो; यंत्राचं घड्याळ पाच मिनिटांहून अधिक मागेपुढे झालं तर तिकीट नाकारलं जातं आणि तो आयटी विभागाला फोन लावतो. एमआयटीतली वर्कस्टेशनची दालनं लॅपटॉप आल्यावर कमी होत गेली. विद्यार्थ्याचं खातं मात्र पुढेही अथेनाच्या नावाने ओळखलं जात राहिलं, आणि प्रवेश पक्का झालेल्या मुलाला ते उघडून मिळत राहिलं.