दे-छीची वाट पाहताना

ॲक्युपंक्चरची सुई म्हणजे इंजेक्शनची सुई नव्हे. तिच्यातून औषध जायचं नसतं, म्हणून ती भरीव, लवचीक आणि जेमतेम पाव मिलिमीटर जाड. नळीत धरून वरून टिचकी मारली की कातडीत शिरते.

नागपूरच्या धंतोलीतल्या एका दवाखान्यात गुडघेदुखीच्या काकूंशेजारी बसून मी हे पाहिलं. सुईआधी डॉक्टरांची बोटं बराच वेळ चाचपत होती. वाटीखाली चार बोटं, नडगीच्या बाहेर एक बोट. सुई आत गेल्यावर त्यांनी ती हलकेच फिरवली.

"काय वाटते, काकू?"

"जड वाटून राह्यलं जी. पार पावलापर्यंत."

याच जडपणाला चिनी वैद्य ‘दे-छी’ म्हणतात. तो आला, की सुया वीस-तीस मिनिटं तशाच ठेवायच्या.

या विद्येशी नागपूरचं एक दूरचं नातं आहे. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरच्या डॉ. कोटणिसांसोबत नागपूरचे डॉ. चोळकर होते. त्याच पथकातल्या डॉ. विजयकुमार बसूंनी पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून १९५९ मध्ये कोलकात्यात ते सुरू केलं.

जुनं शास्त्र ‘छी’च्या, म्हणजे प्राणशक्तीच्या, वाहिन्या सांगतं, शरीरात त्या कुणाला सापडलेल्या नाहीत. टोचल्याचा निरोप मात्र नसांवाटे मज्जारज्जूत आणि मेंदूत पोचतो, आणि शरीर एंडॉर्फिनसारखी स्वतःची वेदनाशामकं सोडतं. जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेली चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी खऱ्या बिंदूंवर टोचलेल्यांपैकी शंभरात सुमारे ४८ जणांना आराम होता, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांत ४४ आणि नेहमीच्या उपचारात २७. म्हणजे आराम खरा, बिंदूंचा नकाशा मात्र शंकास्पद. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. बरं वाटलं म्हणून सगळा सिद्धांत गिळायला नको आणि सिद्धांत पटत नाही म्हणून काकूंचा आराम नाकारायलाही नको.

सुया टोचून घ्यायला जाताना पोटात काही असू द्या. उपाशीपोटी भोवळ येते. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, गरोदरपण, पेसमेकर हे आधीच सांगा. एका बैठकीत फारसं कळत नाही. पाच-सहा बैठकांनंतरही फरक नसेल, तर थांबलेलं बरं.

सुया काढून झाल्यावर काकूंनी विचारलं, "मंग गोळ्या बंद करू का?"

"नाही. झिजलेली कूर्चा सुईनं भरत नाही," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी मांडीचे स्नायू बळकट करायचा व्यायाम करून दाखवला.