लॉर्ड्‌स सभागृह सुधारणा
लॉर्ड्‌स सभागृह सुधारणा : ब्रिटिश पार्लमेंटच्या अनिर्वाचित वरिष्ठ सभागृहाची रचना व अधिकार यांत बदल करण्याचे प्रयत्न. जन्माने वा नियुक्तीने सदस्य झालेल्यांनी लोकप्रतिनिधींचे कायदे अडवावेत काय, हा या वादातील मूळ प्रश्न होय.

१९०९ मध्ये या सभागृहाने लॉइड जॉर्ज यांचा अर्थसंकल्प फेटाळल्याने घटनात्मक पेच उद्‌भवला. त्यातून १९११ चा पार्लमेंट अधिनियम संमत झाला. वित्त विधेयके एका महिन्याहून अधिक काळ रोखण्याचा सभागृहाचा अधिकार त्याने संपुष्टात आणला. इतर बहुतेक सार्वजनिक विधेयकांना सुमारे दोन वर्षे विलंब लावण्याचीच मुभा उरली. १९४९ मध्ये हा काळ एक वर्षावर आला. वंशपरंपरेऐवजी लोकमतावर आधारलेले सभागृह निर्माण करण्याचा १९११ च्या अधिनियमाच्या प्रास्ताविकात व्यक्त केलेला हेतू मात्र सफल झाला नाही.

रचनेतील बदल टप्प्याटप्प्याने झाले. १९५८ च्या अधिनियमाने आजीव उमरावपदे निर्माण केली व स्त्रियांना प्रथमच प्रवेश मिळाला. विल्सन मंत्रिमंडळाने व्यापक सुधारणेचे मांडलेले विधेयक १९६९ मध्ये सोडून द्यावे लागले. १९९९ मध्ये सहाशेहून अधिक वंशपरंपरागत सदस्यांचा हक्क रद्द झाला; तडजोड म्हणून ९२ जागा राखल्या गेल्या. याही जागा रद्द करणारे विधेयक २०२४ मध्ये मांडण्यात आले. चार-पंचमांश सदस्य निर्वाचित असावेत, अशी तरतूद असलेले २०१२ चे विधेयक हुजूर पक्षातील विरोधामुळे सरकारने सोडून दिले.

निवडणुकीच्या पुरस्कर्त्यांच्या मते, मतदारांना जबाबदार नसलेल्यांनी कायदे करणे लोकशाहीशी विसंगत आहे. शिवाय नियुक्त्या पंतप्रधानांच्या शिफारशीवर अवलंबून असल्याने पक्षपातास वाव मिळतो. याउलट, पुन्हा निवडून येण्याची चिंता नसलेले अनुभवी व अपक्ष सदस्य विधेयकांची बारकाईने छाननी करतात, असे विरोधक म्हणतात.

खरी अडचण रचना व अधिकार यांच्या परस्परसंबंधात आहे. आपणांस जनादेश नाही, या जाणिवेमुळेच हे सभागृह सामान्यतः कॉमन्स सभेपुढे नमते घेते. निवडणूक झाल्यास हा संयम टिकण्याची शाश्वती नाही. म्हणून दोन्ही सभागृहांतील मतभेदांचा निर्णय कसा व्हावा, हे ठरविल्याविना केवळ सदस्यत्वाची पद्धत बदलणे अपुरे ठरते.