नवी विंडोज : आधी हिशेब सांभाळा

विंडोज ११ ही संगणक प्रणाली ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली, तेव्हा वापरणाऱ्यांत दोन मते पडली. काहींना तिचे रूप व सुरक्षा आवडली. काही नाराज झाले; स्टार्टचे बटण डावीकडून मध्यभागी गेले आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था नसलेले चांगले चालणारे संगणकही अपात्र ठरले.

मात्र विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. असा संगणक दुरुस्तीविना इंटरनेटला जोडणे धोक्याचे आहे. व्यापारी बांधवांनी बदल जरूर करावा. पण आधी हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. बिलाचे सॉफ्टवेअर व प्रिंटर नव्या प्रणालीवर चालतील का, हेही विचारून घ्यावे. गिऱ्हाइकांची जमा-उधारी ही आपल्याकडील अमानत आहे.