कोंड्याचे मोल

कोंड्याचा मांडा करणाऱ्या गृहिणीचे आपण तोंडभरून कौतुक करतो; पण मांडा न होताही कोंड्याला मोल आहे, हे कधी ध्यानात घेत नाही. पीठ चाळावे आणि कोंडा गोठ्यात न्यावा, हीच रीत मी पाहत आलो. त्याच घरांत रात्री रेचक चूर्णाचा डबाही उघडतो!

1941 मध्ये ब्रिटिश नौदलातील डॉक्टर क्लीव्ह यांनी ‘किंग जॉर्ज पाचवा’ या युद्धनौकेवरील बद्धकोष्ठाने बेजार खलाशांना कोंडा खाऊ घातला. त्यांना आराम पडला. कारण साधे आहे. गव्हाचा कोंडा बहुतांशी पचत नाही. तो पाणी धरून ठेवतो, मळ मऊ व भरीव करतो आणि तो पुढे सरकणे सोपे होते. बारीक दळलेल्यापेक्षा जाडसर कोंडा अधिक गुणकारी. सोबत पाणी मात्र भरपूर हवे.

तरीही सरसकट सल्ला मी देणार नाही. ‘इरिटेबल बॉवेल’चा विकार असलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांचा त्रास कोंड्याने वाढल्याचे 1994 मध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांना आढळले. शौचातून रक्त जात असेल, तर कोंडा नव्हे, डॉक्टर गाठावा. बाकीच्यांनी चाळणी खुंटीला टांगून पाहावी. कोंडा हळूहळूच वाढवावा.