क्षमेनंतरची शुद्धी

दरवर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, वसईतल्या आणि गोव्यातल्या कॅथलिक दफनभूमींत थडग्यांवर फुले वाहिली जातात, मेणबत्त्या लावल्या जातात, गेलेल्यांसाठी मिस्साबलिदान अर्पण होते. ज्यांना देवाने क्षमा केली असे मानायचे, त्यांच्यासाठी पुन्हा प्रार्थना कशाला, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडणे साहजिक आहे. याचे कॅथलिक उत्तर परगेटरी या मृत्यूनंतरच्या शुद्धीच्या अवस्थेत आहे. पण परगेटरी म्हणजे नरकाचाच एखादा सौम्य प्रकार किंवा मेल्यावर मिळणारी दुसरी संधी, असा समजही सर्रास आढळतो. कॅथलिक शिकवण तसे काहीच सांगत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथानुसार, देवाच्या कृपेत आणि मैत्रीत मरण आले, पण शुद्धी पुरी व्हायची राहिली, अशांसाठी ही अवस्था आहे. त्यांचे तारण निश्चित झालेले असते. देवाला नाकारून मेलेल्यासाठी ती नाहीच. तेव्हा परगेटरीकडे क्षमेतली उणीव म्हणून पाहणे चुकीचे आहे. क्षमेने हाती घेतलेले काम तिथे तडीस जाते.

हे पटण्यासाठी पाप माणसाचे काय करते ते पाहावे लागते. बायबलमधल्या दावीद राजाने उरीया या आपल्या सैनिकाची बायको बळकावली आणि त्याला लढाईत मारवले. नाथान संदेष्ट्याने पदरात पाप घातल्यावर दावीदाने ते कबूल केले आणि देवाने क्षमा केल्याचे त्याच क्षणी त्याला सांगण्यात आले. तरीही त्या पापाचे परिणाम त्याच्या घराण्याने भोगले. जकातदार जक्कयाने येशूचे स्वागत केले, तेव्हा लुबाडलेले चौपट परत करण्याची तयारी त्याने स्वतःहून दाखवली. दारूपायी घर धुळीला मिळवलेल्या नवऱ्याला बायकोने मनापासून माफ केले, म्हणून त्याची तलफ आणि संताप त्या रात्रीत जात नाहीत. माफी मिळाली म्हणूनच त्याला सुधारण्याचे बळ येते. धर्मशिक्षणग्रंथ याच अर्थाने बोलतो. क्षमेनंतरही उरणारी पापाची ऐहिक, म्हणजे कालमर्यादित, शिक्षा हा देवाने बाहेरून उगवलेला सूड नव्हे, ती पापाच्या स्वभावातूनच येते, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

प्रॉटेस्टंट ख्रिस्ती यावर गंभीर आक्षेप घेतात. ख्रिस्ताचे बलिदान परिपूर्ण असेल, तर माणसाने आणखी काय फेडायचे? शिवाय परगेटरी बायबलमध्ये आहे कुठे? पहिल्या प्रश्नाला कॅथलिक उत्तर असे, की शुद्धी करणारा ख्रिस्तच आहे आणि ती त्याच्याच बलिदानाच्या बळावर होते. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. युद्धात पडलेल्या सैनिकांच्या पापक्षमेसाठी यहूदी सेनानी यहूदा मक्काबीने यरुशलेमला वर्गणी पाठवली, हा प्रसंग मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात येतो. पण प्रॉटेस्टंट हा ग्रंथ पवित्र शास्त्रात धरत नाहीत. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल म्हणतो, की माणसाच्या कामाची अग्नीने परीक्षा होईल. काम जळाले तर नुकसान होईल, पण तो स्वतः तरेल, जणू अग्नीतून जावे तसा. या वचनांतून परगेटरीचा पूर्ण सिद्धांत निघत नाही, हे मान्य करायला हवे. मात्र मृतांसाठी प्रार्थना करण्याची प्रथा सिद्धांताहून कितीतरी जुनी आहे. इ. स. ३८७मध्ये मरणशय्येवरच्या मोनिकाने आपल्या मुलाकडे, संत ऑगस्टिनकडे, वेदीपाशी आपले स्मरण ठेवण्याची मागणी केली होती. मृतांना प्रार्थनेचा उपयोगच नसेल, तर या मागणीला अर्थ उरत नाही.

या श्रद्धेला खरा बट्टा लावला तो पैशाने. रोममधल्या संत पेत्राच्या मंदिराच्या बांधकामासाठी दहाव्या लिओ पोपच्या काळात जर्मनीत दंडमुक्तीची, म्हणजे पापाची ऐहिक शिक्षा माफ करणारी, पत्रे विकली गेली आणि १५१७मध्ये मार्टिन ल्यूथरने आपले ९५ मुद्दे मांडले. त्या वेळी त्याने परगेटरी नाकारली नव्हती, तो चिडला होता या व्यापारावर. परगेटरी त्याने पुढे नाकारली. त्याचा संताप रास्त होता आणि ख्रिस्तसभेलाही हे अखेर मानावे लागले. १५६३मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने परगेटरीचा सिद्धांत कायम राखला, पण तिच्या नावावर होणाऱ्या धनलोभाला बंदी घातली. १५६७मध्ये पाचव्या पायस पोपने पैशाशी जोडलेल्या दंडमुक्त्या रद्द केल्या. एक गोष्ट इथे आवर्जून सांगायची: ट्रेंटच्या या निर्णयात आगीचा उल्लेख नाही. तसाच तो १४३९च्या फ्लॉरेन्स धर्मपरिषदेने केलेल्या परगेटरीच्या व्याख्येतही नाही. धगधगत्या ज्वाळा चित्रकारांनी आणि प्रवचनकारांनी लोकांच्या मनात भरल्या.

येशूशेजारी क्रुसावर खिळलेल्या चोराला त्याच दिवशी स्वर्गाचे वचन मिळाले, मग इतरांना थांबणे का, असेही विचारतात. पण परगेटरीतून प्रत्येकाने गेलेच पाहिजे, असे ख्रिस्तसभा शिकवत नाही, आणि पृथ्वीवरचे दिवस-महिने तिथे लागूही पडत नाहीत. दंडमुक्तीमागचे दिवस-वर्षांचे जुने हिशेबही १९६७मध्ये सहाव्या पॉल पोपनी काढून टाकले. सोळाव्या बेनेडिक्ट पोपनी २००७च्या परिपत्रकात, पौलाने म्हटलेला तो अग्नी म्हणजे ख्रिस्तच, त्याच्या भेटीतच खोटे जळून जाते, असा अर्थ मांडला. त्याच परिपत्रकात एक अत्यंत मोलाचा विचार आहे: छळ करणारा आणि छळ सोसलेला, जणू काही घडलेच नाही अशा रीतीने, स्वर्गाच्या मेजवानीत शेजारी बसणार नाहीत. क्षमेने गुन्हेगाराला आत घ्यावे, पण त्याने काय केले हे त्याला पुरते उमजल्याशिवाय नाही. अन्याय सोसलेल्या माणसाच्या बाजूने पाहिले, तर या शिकवणीतली क्षमाच मला जास्त विश्वासार्ह वाटते.