डोळ्यांदेखत उमटणारे छायाचित्र

अनोळखी माणसाच्या चेहऱ्यावरचा क्षणिक भाव टिपणे हे मोठे अवघड काम. कॅमेरा दिसला की माणूस सावरून बसतो, केस नीट करतो. ज्या भावासाठी कॅमेरा उचलला, तो भावच नाहीसा होतो!

अमेरिकन छायाचित्रकार वॉकर इव्हान्स (१९०३–१९७५) याने १९३८ साली यावर एक युक्ती काढली. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत तो कोटाखाली कॅमेरा लपवून बसे. भिंग दोन बटणांमधून डोकावे आणि कळ दाबण्याची तार बाहीतून हातापर्यंत आलेली असे. समोरच्या उतारूंना पत्ताही लागत नसे. १९४१ पर्यंत घेतलेली ही चित्रे पुस्तकरूपाने निघाली ती १९६६ मध्ये!

हाच इव्हान्स १९७३ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, एक नवा कॅमेरा घेऊन बाहेर पडला. तो होता पोलरॉइड कंपनीचा एसएक्स-७०. आता कोट नको, अंधारी खोली नको. सुमारे २६ सेंटीमीटर इतक्या जवळून चेहरा टिपता येई आणि काही मिनिटांत चित्र हातात पडे. अडीच हजारांहून अधिक चित्रे त्याने या कॅमेऱ्याने घेतली. परिचितांचे चेहरे, दुकानांच्या पाट्या, रस्त्यावर रंगवलेली अक्षरे, जे दिसेल ते.

एका मुलीचा प्रश्न

या कॅमेऱ्याची कुळकथा १९४३ सालची. एडविन लँड हा संशोधक सुटीत मुलीचे फोटो काढत होता. तीन वर्षांच्या त्या मुलीने विचारले, फोटो आत्ताच का दिसत नाही? प्रश्न बालिश वाटेल. पण लँडने तो मनावर घेतला. १९४७ मध्ये त्याने मिनिटभरात तयार होणारे छायाचित्र शास्त्रज्ञांना दाखवले. १९७२ मध्ये एसएक्स-७० आला. त्याचे चित्र तर दिवसाउजेडी, डोळ्यांदेखत उमटत असे.

कागदाच्या पोटात काय घडते?

या फिल्ममध्ये एकावर एक असे अनेक पातळ थर असतात. त्यांपैकी तीन थरांत चांदीचे प्रकाशसंवेदी क्षार असतात. एक थर निळा प्रकाश ओळखतो, दुसरा हिरवा आणि तिसरा लाल. प्रत्येकाच्या खाली अनुक्रमे पिवळा, किरमिजी आणि निळा-हिरवा रंग साठवलेला असतो.

चित्र बाहेर येताना दोन रूळ फिल्मच्या कडेची इवलीशी पिशवी दाबून फोडतात. आतले अल्कलीयुक्त द्रव्य सर्वत्र पसरते आणि रंग वर सरकू लागतात. पण जेथे प्रकाश पडला आहे, तेथे त्या थराखालचा रंग जागीच अडकतो. समजा, समोर लाल सदरा आहे. लाल प्रकाशामुळे निळा-हिरवा रंग अडकेल. पिवळा आणि किरमिजी वर जातील आणि दोघे मिळून लाल दिसतील. पांढऱ्या वस्तूच्या जागी तिन्ही रंग अडकतात, तर काळ्या वस्तूच्या जागी तिन्ही वर येतात.

मग बाहेरच्या उजेडाने फिल्म खराब का होत नाही? फिनॉल्फ्थॅलिन अल्कलीत गुलाबी होते आणि आम्ल घातले की रंगहीन होते, हे तुम्ही प्रयोगशाळेत पाहिले असेल. पिशवीतल्या द्रव्यात त्याच कुळातले गडद रंग असतात. अल्कलीत ते पडद्यासारखे उजेड अडवतात. फिल्ममधल्या आम्लाच्या थराने पुढे अल्कलीचा जोर ओसरला, की पडदा रंगहीन होतो. त्याच द्रव्यातील टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पार्श्वभूमी तेवढी उरते आणि तिच्यावर चित्र हळूहळू उजळते.

प्रत एकच

येथे निगेटिव्ह उरत नाही, म्हणून प्रत एकच. आणि ती समोरच्या माणसाच्या साक्षीने तयार होते. आपला चेहरा कसा टिपला गेला, हे त्याला तिथेच कळते. रेल्वेतल्या उतारूंना हे भाग्य लाभले नव्हते.

कंपनीने २००८ मध्ये ही फिल्म बनवणे थांबवले. नेदरलँड्समधला तिचा जुना कारखाना काही उत्साही मंडळींनी वाचवला. पूर्वीची कित्येक रसायने मिळेनाशी झाली होती, म्हणून त्यांना कृती नव्याने शोधावी लागली. आज ही फिल्म पुन्हा मिळते.

आज मोबाइलमुळे चित्र क्षणात दिसते; पण ते दिसते फक्त काढणाऱ्याला. इव्हान्सचा तो बटणांमागचा कॅमेरा आता प्रत्येकाच्या खिशात आहे. तेव्हा पुढच्या वेळी अनोळखी माणसाचा फोटो काढलात, तर तो आधी त्यालाच दाखवा. त्याच्या चेहऱ्यावर जो भाव उमटेल, तोही पाहण्यासारखा असेल!