तेल दुधाळ दिसलं तर…

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या न्यूटन गावी मेटॅग कंपनी १९८३पर्यंत पिळणीची धुलाईयंत्रं बनवत होती. दोन रबरी रुळांमधून कपडा पिळून निघे. टबाखाली गिअरची बंद पेटी. मोटर एकाच दिशेनं फिरते, तर गिअर त्या फिरण्याचं मधल्या घुसळणीच्या मागेपुढे हलण्यात रूपांतर करतात.

असं जुनं यंत्र हाती आलं की वरून तेल ओतायचा मोह आवरा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या तेलाचा चिकट डिंक होतो. त्यावर नवं तेल म्हणजे मळक्या सदऱ्यावर इस्त्री! आधी पेटीचा प्लग काढा, जुनं तेल काढून पाहा. दुधाळ दिसलं, तर घुसळणीच्या दांड्याभोवतीचं रबरी सील कडक होऊन पाणी आत शिरलंय. मग पेटी उघडण्यावाचून गत्यंतर नाही. भाग मोकळ्या हवेत रॉकेलनं धुवा, गिअरचे दाते तपासा, खिळखिळे बुश बदला. सील आणि गॅस्केट नवीच हवीत. इथली काटकसर नडते. घुसळणीच्या दांड्याला पाण्यात न धुपणारं ग्रीस चोळा, नाहीतर ती गंजून तिथेच चिकटते.

पिळणीच्या रबरी रुळांना मात्र तेल लावू नका, रबर फुगतं.